आगीची खोटी वर्दी : घरगुती लेझर-यंत्रातील एका हेत्वाभासाचा विचार

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण न्यायग्रंथांनी इतके वापरले आहे की विद्यार्थ्यास ते आता उदाहरण न वाटता पाठांतर वाटते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तून ज्यांनी ते पाठ केले, त्यांतील फार थोड्यांनी डोंगर पाहिला असेल आणि त्याहून थोड्यांनी त्यावरचा धूर. गंमत अशी की ज्या काळात हे उदाहरण केवळ परीक्षेपुरते उरले, त्याच काळात वाटाण्याएवढा एक विद्युत्-घटक घरोघरी अग्नीचे अनुमान करू लागला आहे. आणि ते करताना तो ज्या चुका करतो, त्यांची नावे न्यायशास्त्राने केव्हाच ठरवून ठेवली आहेत. लाकूड कापणाऱ्या घरगुती लेझर-यंत्रात आग नसताना आगीची वर्दी का येते आणि तिचा उगम कसा शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय वरकरणी कारागिराचा असला, तरी चिन्ह आणि चिन्हित यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो परका मानू नये.

लेझरने लाकूड कापण्याची विद्या महाराष्ट्रास दुरून आलेली नाही, असे म्हणावयास एक आधार आहे. ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने हे काम आजही मोठ्या प्रमाणावर होते, तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. या लेझरचा प्रकाश १०·६ मायक्रॉन तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यास सर्वस्वी अदृश्य असतो, आणि लाकूड तो जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. अलीकडे घरगुती वापरात आलेली यंत्रे मात्र बहुधा सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाची असतात. ती लहान, स्वस्त आणि मेजावर मावणारी आहेत.

तुर्भ्यासारख्या ठिकाणी या यंत्रांना काम मिळते याचे नवल वाटावयास नको. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर ठाणे खाडीच्या पूर्वेस जो औद्योगिक पट्टा उभा राहिला, त्यातच तुर्भे येते. त्यामुळे प्लायवुडचे तुकडे, मोटारी, पंखे, नळ्या यांचा तेथे तुटवडा नाही. शिवाय २३ मार्च १९१८ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २३ मार्च २०१८ रोजी, राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या शोभेच्या वस्तूंवरही बंदी आली, आणि गणपतीच्या मखरांना दुसरे साहित्य शोधणे भाग पडले. तीन मिलिमीटरचे प्लायवुड आणि एमडीएफ हे त्यांतील एक उत्तर. दाराची पाटी, देव्हाऱ्याची जाळी, घड्या घालून ठेवता येणारे मखर ही कामे सदनिकेच्या बंद गॅलरीत होऊ लागली. लाकूड, उष्णता आणि राहते घर ही तीन एकत्र आली की आगीची वर्दी देणारा पहारेकरी हवाच.

हा पहारेकरी म्हणजे संवेदक, ज्याला कारागीर नुसते 'सेन्सर' म्हणतात. त्याच्या सर्वांत स्वस्त आणि म्हणून बऱ्याच ठिकाणी आढळणाऱ्या प्रकारात सिलिकॉनचा एक प्रकाशग्राही घटक असतो. साधारणपणे ७६० ते ११०० नॅनोमीटर, म्हणजे दृश्य तांबड्या प्रकाशाच्या लगत पलीकडचा निकट-अवरक्त प्रकाश त्यास जाणवतो. त्या प्रकाशाने निर्माण केलेला विद्युत्-दाब एका ठरावीक मर्यादेशी ताडून पाहिला जातो आणि मर्यादा ओलांडली की यंत्र लेझर बंद करते, शीळ घालते व पडद्यावर 'फ्लेम डिटेक्टेड' अशा अर्थाचे वाक्य उमटते.

येथेच भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे. संवेदकास जे ठाऊक आहे ते एवढेच की निकट-अवरक्त प्रकाश मर्यादेबाहेर वाढला. पडद्यावर जे उमटते ते मात्र 'ज्योत आहे' असे विधान. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर यंत्राच्या हाती हेतू आहे आणि ते उच्चार करते साध्याचा; मधली व्याप्ती, म्हणजे 'जेथे जेथे असा प्रकाश, तेथे तेथे ज्योत', ही यंत्र बनविणाऱ्याने गृहीत धरून गिळून टाकलेली असते. वापरणारा माणूस ते वाक्य प्रत्यक्षाचे निवेदन म्हणून ऐकतो, ज्योत दिसली नाही की यंत्रास खोटारडे ठरवितो, आणि चारदोन वेळा हाच अनुभव आला की संवेदकाची तार काढून ठेवतो. यंत्र खोटे बोललेले नसते. त्याने अनुमान केलेले असते. दोष शोधण्याची सारी पद्धत या एका भेदावर उभी आहे : पडद्यावरचे वाक्य साध्यापासून मागे हेतूपर्यंत वाचावयाचे आणि मग विचारावयाचे, हा प्रकाश कोठून आला? की तो आलाच नव्हता?

दुसरा प्रश्न आधी सोडविणे सोयीचे. हेतू पक्षाच्या ठायी मुळातच नसणे, यास स्वरूपासिद्ध हेत्वाभास म्हणतात. यंत्रात याचे रूप असे : संवेदकावर प्रकाश पडलेलाच नाही, पण त्याच्या तारेत विद्युत्-खळबळ झाली आणि नियंत्रकाने ती प्रकाशाची म्हणून वाचली. संवेदकाची लांब, आवरण नसलेली तार मोटारीच्या तारांबरोबर एकाच जुडग्यात बांधलेली असणे, जोड सैल असणे, हवेचा पंप वा धूर ओढणारा पंखा सुरू होताच पुरवठ्याचा दाब क्षणभर खचणे, अर्थिंग नसणे ही याची नेहमीची कारणे. परीक्षा सोपी आहे. लेझर पूर्ण बंद ठेवून संवेदकावर स्वयंपाकघरातील चंदेरी फॉइलची टोपी घालावी, ती विद्युत्-जोडांना टेकणार नाही एवढे पाहावे, आणि यंत्राचे डोके, पंखा व पंप नुसते चालवावेत. तरीही वर्दी आली तर प्रकाशाचा संबंध संपला. तारा तपासावयास घ्याव्या. टोपी फॉइलचीच का, याला कारण आहे. काळे कापड किंवा पातळ काळे प्लॅस्टिक आपल्या डोळ्यास अपारदर्शक वाटते, पण निकट-अवरक्त प्रकाशास ते पुष्कळदा वाट देते. आणि आंधळ्या संवेदकानिशी लाकूड कापण्याचा प्रयोग कोणीही, क्षणभरही, करू नये.

टोपी घातल्यावर वर्दी थांबली, तर प्रकाश खरा. मग तो यंत्राच्या आतला की बाहेरचा, हे ठरवावे लागते. संवेदकाचा पक्ष म्हणजे कापण्याचा मंच, असे आपण समजून चालतो. वस्तुतः त्याच्या भिंगावर जे जे पडते ते सर्व त्याचा पक्ष होते. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी चारनंतर ऊन तिरपे होऊन यंत्रावर आले की वर्दी सुरू होते आणि सूर्य मावळल्यावर आपोआप थांबते; सूर्यप्रकाशातील जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्ताची असते, त्यामुळे यात अद्भुत काही नाही. पण अनेकांचा येथे गोंधळ होतो, कारण यंत्रावर नारिंगी झाकण असते आणि ते उन्हासही अडवीत असेल असे त्यांना वाटते. ते झाकण निळ्या लेझरपासून डोळ्यांचे रक्षण करण्यासाठी असते. निळा प्रकाश ते शोषते. निकट-अवरक्त प्रकाश त्यातून सहसा सुखेनैव आत जातो. जे आपल्या डोळ्यांसाठी पडदा आहे, ते संवेदकासाठी उघडी खिडकी असते.

उन्हाखेरीज घरातील इतर प्रकाश आहेतच. तारेचा जुना बल्ब किंवा हॅलोजनचा दिवा आपली बहुतांश ऊर्जा अवरक्तातच उधळतो. एलईडीचा साधा पांढरा दिवा तसे करीत नाही, म्हणून यंत्राच्या खोलीत तोच असावा. दूरदर्शन-संचाचा रिमोट साधारणपणे ९४० नॅनोमीटरवर बोलतो. रात्री पाहणारे टेहळणीचे कॅमेरे ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतःच फेकीत असतात, आणि यंत्रावर लक्ष राहावे म्हणून काही जण असा कॅमेरा नेमका यंत्रासमोर लावतात. म्हणजे एक पहारेकरी दुसऱ्याच्या डोळ्यांत दिवटी धरून उभा. लहान सदनिकेत समोरच देवघर असेल तर सांजवातीच्या वेळी येणारी वर्दी ही याहून सूक्ष्म गोष्ट आहे. तेथे हेतू खरा, साध्यही खरे, समईची ज्योत ही ज्योतच आहे. चुकला तो फक्त पक्ष. अशा वेळी संवेदकास मंचापुरतेच दिसेल अशी लहानशी नळी बसविणे किंवा यंत्राची दिशा बदलणे एवढा उपाय पुरतो.

घटक निराळ्या जातीचा असेल तर संशयितही बदलतात. १८५ ते २६० नॅनोमीटर अतिनील प्रकाश टिपणाऱ्या नळीचा संवेदक उन्हास फसत नाही, कारण त्या पट्ट्यातील सूर्यप्रकाश ओझोनच्या थरात अडतो आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. परंतु वेल्डिंगच्या ठिणगीस तो हमखास फसतो. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू असणे हे तुर्भ्यात काही अपवादात्मक नव्हे. साधी काच हा पट्टा अडविते, म्हणून खिडकी लावून घेणे हीच येथे परीक्षा आणि हाच उपाय.

आता आतल्या प्रकाशाकडे वळू. प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे : लेझरचा स्वतःचा प्रकाश हा सहसा आरोपी नसतो. १०·६ मायक्रॉनचा प्रकाश सिलिकॉनच्या घटकास दिसतच नाही आणि निळा प्रकाश त्याचे काळे गाळणी-आवरण रोखून धरते. आवरण पारदर्शक असेल तरच निळ्याचा संशय घ्यावा. खरा आरोपी कापाच्या रेषेत तापलेला कोळसा असतो. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वस्तूचे उत्सर्जन सुमारे २·३ मायक्रॉनपाशी सर्वाधिक असते, तथापि त्याची एक बाजू संवेदकाच्या पट्ट्यात उतरलेली असते, आणि वीतभर अंतरावरून तेवढी पुरते. हा साधारण सव्यभिचाराचा प्रकार झाला. प्रमेयत्व अग्नी असलेल्या डोंगरावरही असते आणि अग्नी नसलेल्या डोहातही असते, म्हणून त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे हा प्रकाश ज्योतीतही असतो आणि ज्योत नसलेल्या निखाऱ्यातही असतो.

या ठिकाणी मराठी भाषा यंत्राच्या भाषेपेक्षा अधिक समंजस आहे, असे मला वाटते. चुलीभोवती वाढलेल्या आपल्या शब्दसंपत्तीत ठिणगी, निखारा, विस्तव, जाळ, ज्योत, भडका, वणवा ही सर्व निरनिराळी नावे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुलीत विस्तव असतो तेव्हा जाळ असेलच असे नाही. जाळ 'करावा' लागतो, ज्योत 'लावावी' लागते, भडका मात्र 'उडतो', त्याला कर्ता लागत नाही. विस्तव शेजाऱ्याकडे मागावयास जाण्याची रीत होती, भडका कोणी मागत नसे. 'त्या दोघांतून विस्तव जात नाही' या वाक्प्रचारातील विस्तवाच्या जागी जाळ किंवा ज्योत घालून पाहावी, म्हणजे भेद केवढा पक्का आहे ते कळेल. या श्रेणीवर लेझर-कर्तन ठेवून पाहिले तर असे दिसते की ठिणगी ही कापण्याची नित्य सोबतीण आहे, निखारा चांगल्या कापात क्षणजीवी असतो, कापाच्या रेषेवर उभी राहणारी इवलीशी ज्योत ही चुकलेल्या मांडणीची खूण आहे, आणि जाळ म्हणजे काम थांबविण्याचा क्षण. संवेदक या चारांसाठी एकच शब्द बोलतो. ऐकणाऱ्याने तो मराठीत उतरवून घेतला पाहिजे, आणि त्यासाठी वर्दीच्या क्षणी काय दिसले ते नेमक्या नावाने वहीत टिपून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

कारण 'खोटी' म्हणून झटकलेली वर्दी पुष्कळदा खरी असते. नैयायिकांनी बाधित नावाचा एक हेत्वाभास सांगितला आहे : अनुमानाने जे सिद्ध करावयाचे, त्याचा अभावच अधिक बलवान प्रमाणाने निश्चित झालेला असणे. 'मी डोळ्यांनी पाहिले, ज्योत नव्हती' असे म्हणणारा कारागीर याच न्यायाने यंत्राचे अनुमान बाधित ठरवीत असतो. पण त्याचे प्रत्यक्ष निर्दोष आहे काय? तो नारिंगी झाकणातून, धुरातून, तळपत्या बिंदूकडे पाहत असतो, आणि त्याला प्लायवुडची वरची बाजू तेवढी दिसते. ज्योत पुष्कळदा खाली असते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या जाळीत मागच्या कामांचा डिंकासारखा काळा राप आणि गळून पडलेले तुकडे साठतात. कापून आरपार गेलेला किरण त्यांवर पडतो आणि तेथे पेट घेतो. जाळी आरशासारखी चकचकीत असल्याने तो उजेड वर फेकलाही जातो. म्हणून आतल्या वर्दीचा पहिला उपाय संवेदकावर नव्हे, तर मंचावर करावयाचा असतो : जाळी धुणे, तळाचे तुकडे काढणे, फळी खालून मोकळी राहील अशी उचलून धरणे.

त्यानंतर कापाच्या बिंदूवरील हवेचा झोत पाहावा. हा झोत ज्योतीस रेषेत उभे राहू देत नाही आणि धूरही भिंगापासून दूर नेतो. नळी वळलेली, तोटी रापलेली किंवा पंप थकलेला असेल तर कालपर्यंत निमूट कापले जाणारे लाकूड आज वर्दी देऊ लागते. मग वेग आणि शक्ती. एकदाच सावकाश, पूर्ण शक्तीने कापण्यापेक्षा दोनतीनदा वेगाने कापल्यास कोळसा कमी तापतो. नाभी नीट जुळलेली नसेल तर रेष रुंद होते, लाकूड कापले जाण्याऐवजी भाजले जाते.

लाकडाची जातही विचारात घ्यावी लागते, आणि आपल्याकडे हीच बाब सर्वांत दुर्लक्षित आहे. देवदार-चीड यांच्या गाठींत राळ असते, ती क्षणात पेटते. प्लायवुडमध्ये लाकडापेक्षा डिंकाला अधिक महत्त्व. आतल्या फर्निचरसाठी असलेल्या साध्या प्रतीत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, आणि ज्यास बाजारात मरीन प्लाय म्हणतात त्यात फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा. दुसरा डिंक पाण्यास दाद देत नाही, तशी लेझरलाही देत नाही. त्याच्या काळ्या थरापाशी किरण अडखळतो, कोळसा साठतो आणि लालभडक होतो. खाडीकाठच्या दमट हवेत सुतार मरीन प्लायच वापरतात आणि त्यांच्याकडून मिळालेले उरलेसुरले तुकडे कापावयास घेतले म्हणजे एकाच मांडणीवर एक तुकडा निमूट कापला जातो व दुसरा दर वितीस वर्दी देतो. पावसाळ्यात दमटलेल्या लाकडास अधिक शक्ती लागते, धूर अधिक होतो. (रेक्झिन वा पीव्हीसी मात्र कोणत्याही ऋतूत कापू नये, त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसास आणि यंत्रास दोघांसही घातक आहे.)

एवढे करूनही निखाऱ्याच्या उजेडाने वर्दी येत राहिली, तर हेतूच अधिक नेमका केला पाहिजे. न्यायशास्त्रातील उपाधीची कल्पना येथे यंत्रज्ञांनी नकळत वापरली आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान का फसते? कारण धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. तो धूर असेल तेथे नेहमी असतो, पण अग्नी असेल तेथे नेहमी असतो असे नाही. हीच ती उपाधी. तशीच उपाधी प्रकाश आणि ज्योत यांच्यामध्ये सापडते : ज्योत थरथरते. मोकळी ज्योत सेकंदास साधारण एक ते पंधरा वेळा कमीजास्त होते. ऊन किंवा बल्ब तसा होत नाही. शिवाय ज्योत टिकते, तर ठिणगी विझते. म्हणून 'प्रकाश' या हेतूऐवजी 'अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकणारा, थरथरणारा प्रकाश' हा विशेषणयुक्त हेतू घेतला की व्यभिचार पुष्कळ कमी होतो. कारखान्यांतील महागडे संवेदक याही पुढे जातात. ते जळणाऱ्या वायूतील तप्त कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ४·३ मायक्रॉनचा प्रकाश पाहतात आणि शेजारच्या पट्ट्यांशी त्याची तुलना करतात. घरगुती यंत्रात एवढे मिळत नाही, परंतु वर्दीपूर्वी किती काळ वाट पाहावी ही मुभा काही यंत्रांत असते आणि ती मर्यादेच्या खुंटीस हात लावण्यापूर्वी वापरावी.

खुंटीविषयी मी हे मुद्दाम म्हणतो. संवेदनक्षमता कमी करणारी ती लहानशी खुंटी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा उपाय आहे. १९५४ च्या सुमारास रडारच्या अनुभवातून जो संकेत-शोधाचा सिद्धान्त मांडला गेला, आणि जो पुढे ध्वनिग्रहणाच्या अभ्यासात आपल्याही कामास आला, त्याने एक गोष्ट निर्विवाद केली : केवळ मर्यादा हलवून खोट्या वर्द्या कमी केल्या, तर हुकलेल्या खऱ्या वर्द्या तेवढ्या वाढतातच. दोन्ही एकदम कमी व्हावयाच्या तर हेतूच सुधारावा लागतो, म्हणजे ऊन अडवावे, जाळी धुवावी, तार बदलावी लागते. त्यात भर अशी की संवेदकाच्या भिंगावर दर कामागणिक काजळी बसत असते आणि तो आपोआपच मंद होत जातो. खोट्या वर्द्या आपल्या आपण थांबल्या, तर समाधान न मानता आधी भिंग पुसून पाहावे.

कोणताही बदल केल्यानंतर उलट परीक्षा घेतलीच पाहिजे. अन्वयाशिवाय व्यतिरेक अपुरा. लेझर बंद करून, मंच रिकामा ठेवून, ओले फडके आणि अग्निशामक नळकांडे हाताशी घेऊन एक मेणबत्ती मंचाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये आळीपाळीने धरावी. पाचही ठिकाणी दोनतीन सेकंदांच्या आत वर्दी आली पाहिजे. एका कोपऱ्यात जरी ती आली नाही, तरी तो कोपरा संवेदकाच्या आड आहे असे समजून संवेदकाची जागा बदलावी आणि मेणबत्ती पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून फिरवावी.